सहलीच्या आंखणींत खाणीसहि जागा असावी

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरीं एकच विचार सुरू होतो: यंदा कोठें जावयाचें? कोणी समुद्रकांठ सुचवितो, कोणी थंड हवेचें ठिकाण. मुलांचें मत निराळें, वडिलांच्या खिशाचें मत निराळें. अशा वेळीं आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम कडेस असलेल्या शाहूवाडी तालुक्याचें नांव आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. त्याबरोबरच आमची एक सूचना आहे. त्या तालुक्यांतील सहल आंखतांना गड, रान आणि धबधबा यांच्या जोडीस तेथील खाणहि धरावी. ही सूचना पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. खणून ठेवलेल्या खड्ड्यांत पाहण्यासारखें तें काय, असें विचारलें जाईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें आमच्याकडे लागतें.

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारा रस्ता मलकापूर ओलांडून आंबा गांवाकडे चढूं लागला कीं प्रदेश पालटतो. उसाचे मळे मागें पडतात. भाताचीं खाचरें, नाचणीचे उतार आणि गर्द झाडी सुरू होते. कडवी आणि कासारी या नद्या याच डोंगरांतून पूर्वेकडे निघतात. पहिली वारणेस मिळते, दुसरी पंचगंगेस. उत्तरेकडील चांदोलीचें रान २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, २०१० सालीं तें सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत आलें, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील जीं स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य केलीं, त्यांत चांदोलीचाहि समावेश झाला. पावनखिंड व विशाळगड यांची ओळख मराठी मुलांस करून देण्याची गरज नाहीं. १६६० च्या जुलै महिन्यांत बाजीप्रभु देशपांडे यांनीं जेथें देह ठेवला, ती वाट याच रानांतून जाते. येथवर आमच्याशीं कोणाचा मतभेद होणार नाहीं.

आतां डोंगराच्या माथ्याकडे पाहूं. येथील पुष्कळ डोंगरांचे माथे सपाट व खडकाळ आहेत. लोक त्यांस सडा म्हणतात. चैत्र-वैशाखांत सडा भाजलेल्या तव्यासारखा दिसतो; त्यावर गुरांस चारा नाहीं, वाटसरूस सांवली नाहीं. परंतु पाऊस पडून गेला कीं श्रावण-भाद्रपदांत त्याच दगडावर बोटभर मातींत निळीं, पिंवळीं, पांढरीं फुलें उमलतात. ही माती इतकी निकस, कीं कांहीं वनस्पती किडे धरून आपलें पोषण भागवितात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यांत किडा अडकतो. सीतेच्या आसवांस सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत जलांतील बारीक जीव ओढले जातात. सड्याच्या पोटांत मुरलेलें पाणी पावसाळा सरल्यावरहि पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतें. ओसाड दिसणारा हा दगड, खालच्या वस्तीची पाण्याची टांकीच होय.

खाणीचा धनहि हाच दगड आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसापासून बनला. पुढें लक्षावधि वर्षांच्या पावसानें माथ्यावरील खडकांतील कित्येक द्रव्यें धुऊन नेलीं. लोह व ॲल्युमिनियम यांचे अंश मागें राहिले. त्यांतूनच जांभा दगड व बॉक्साईट निर्माण झाले. जांभ्याचें ‘लॅटेराईट’ हें शास्त्रीय नांव फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील दगड पाहून १८०७ सालीं दिलें. बॉक्साईटचा शोध पिएर बेर्तिए यास १८२१ सालीं फ्रान्समधील ल बो या गांवीं लागला, आणि त्या गांवाचेंच नांव खनिजास मिळालें.

या डोंगरांत खनिज काढण्याची परंपरा मात्र बॉक्साईटहून जुनी आहे. कोल्हापूर संस्थानांत विशाळगड, पन्हाळा व भुदरगड या बाजूंस लोखंडाचे दगड सांपडत. सह्याद्रींतील धावड लोक असे दगड कोळशाच्या भट्टींत वितळवून लोखंड काढीत. विलायती लोखंड स्वस्त मिळूं लागलें आणि हा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बॉक्साईटनें त्याची जागा घेतली. राधानगरींत दुर्गमानवाड, चंदगडांत कासारसडा, तसेंच शाहूवाडींत येळवण जुगाईकडील डोंगर अशा ठिकाणीं खाणी निघाल्या. वरचा थर काढावयाचा, सुरुंग लावावयाचे, दगड फोडून गाड्यांत भरावयाचा आणि कारखान्याकडे धाडावयाचा, असा हा उद्योग आहे.

सुमारें चार टन बॉक्साईटपासून दोन टन ॲल्युमिना निघते, आणि त्यापासून एक टन ॲल्युमिनियम. आपल्या घरांतील पातेलें, खिडकीची चौकट, गांवास वीज आणणारी तार, हीं सर्व कोणत्या तरी डोंगराच्या माथ्यावरून आलेलीं आहेत. म्हणून खाणीस केवळ शिव्याशाप देणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. ज्या गांवांत शेत वर्षांतून एकदांच पिकतें आणि तरुण मुलगा पोटासाठीं मुंबईची वाट धरतो, तेथें खाणीवरील मजुरीची किंमत शहरांतील मनुष्यानें बसल्या जागीं ठरवूं नये.

परंतु दुसरी बाजू तितकीच खरी आहे. खाण संपल्यावर खड्डा भरून काढावा व तेथें झाडें लावावीं असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. तथापि भरलेल्या खड्ड्यावर उभी राहिलेली झाडी म्हणजे सडा नव्हे. सड्यावरील फुलांस दाट सांवली नको. त्यांस उघडा खडक, पातळ माती व साचलेलें पाणी हवें असतें. जो थर बनण्यास लक्षावधि वर्षें लागलीं, तो कोणत्याहि सरकारी हुकुमानें पुन्हां बनणार नाहीं. थर गेला कीं त्यांत मुरणाऱ्या पाण्याची वाटहि बदलते, आणि त्याची झळ प्रथम पायथ्याच्या झऱ्यावर घागर भरणाऱ्या बाईस लागते. तेव्हां कोणता डोंगर खणावा आणि कोणता कायमचा राखावा, हा निर्णय पुढील काळांत वारंवार करावा लागणार आहे. तो आज शाळेच्या बांकांवर बसलेल्या मुलांच्या हातीं येईल. ज्यानें फुललेला सडा आणि खणलेला सडा हे दोन्ही डोळ्यांनीं पाहिले आहेत, त्याच्याच मतास वजन राहील. ज्यानें केवळ धबधबा पाहिला, त्यानें अर्धाच प्रदेश पाहिला.

परदेशांत ही दृष्टि नवी नाहीं. इंग्लंडमधील कॉर्नवॉल प्रांतांतील तांब्याच्या व कथलाच्या जुन्या खाणींचा मुलूख २००६ सालीं जागतिक वारशांत गणला गेला. खाणी बंद झाल्या. लोक आज तेथें पडकीं इंजिनघरें पाहण्यास आणि खाणकामगारांचा इतिहास समजून घेण्यास जातात. आमच्याकडे धावडांची भट्टी कोठें होती हें सांगणारी एक पाटीहि सहसा आढळत नाहीं. निदान आमच्या मुलांनीं गांवांतील वृद्धांस विचारून ती माहिती वहींत उतरून घ्यावी.

आतां प्रत्यक्ष आंखणीविषयीं. तीन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशीं कोल्हापुराहून एस. टी. नें आंब्यास जावें; अंतर सुमारें ६५ किलोमीटर आहे. दुपारीं गांवांतील माहितगार मनुष्य बरोबर घेऊन रानांत फिरावें. गवा व अस्वल या रानांतील रहिवासी आहेत. त्यांच्या घरांत आपण पाहुणे आहों हें विसरूं नये. दुसरा दिवस पावनखिंड व विशाळगड यांस द्यावा. तिसऱ्या दिवशीं सकाळीं न खणलेला सडा पाहावा आणि नंतर खाणीचा डोंगर. चालू खाणींत व्यवस्थापकांच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. बंद खाणीच्या कडेवर उभें राहूं नये. तेथील साचलेलें पाणी कितीहि निळें दिसलें तरी त्यांत उतरूं नये, कारण त्याची खोली वरून कळत नाहीं. फुलांसाठीं गणपतीनंतरचे दिवस उत्तम; चालण्यासाठीं दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ. भर आषाढांत रस्ते, ओढे व जळवा या तिन्हींचा त्रास होतो.

राहण्याची सोय शक्य तों गांवांतील घरीं करावी. तेथील भात, नाचणीची भाकरी व ताक घ्यावें आणि त्याचे योग्य दाम द्यावे. पाहुण्याच्या पैशाचा वाटा गांवास मिळाला, तर डोंगर राखण्याचा लाभ गांवकऱ्यांस दाखवून देतां येईल. रिकाम्या हातांनीं केलेला उपदेश कोणी ऐकत नाहीं. सड्यावर गाडी नेऊं नये. फुलें तोडूं नयेत. धनगरवाड्यावर गेल्यास आधीं हांक द्यावी, मग आंत जावें. नेलेला कागद व बाटली परत आणावी.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलांस केवळ सुंदर तेवढेंच दाखवूं नये. सुंदर वस्तु कशाच्या मोबदल्यांत राहते आणि उपयोगाची वस्तु कशाच्या मोबदल्यांत मिळते, हेंहि त्यांस पाहूं द्यावें. सहलीहून परत आल्यावर मुलानें स्वयंपाकघरांतील पोचट पातेलें टाकून न देतां मोडींत घातलें, तर तें लहान काम समजूं नये. जुनें ॲल्युमिनियम वितळवून पुन्हां वापरण्यास, नवें तयार करण्याच्या मानानें शेंकडा पांचच्या आसपास शक्ति लागते, आणि तितकें खनिज डोंगराच्या माथ्यावरच राहतें. यंदाच्या सुटींत आमच्या वाचकांपैकीं कांहीं कुटुंबें जरी आंब्याच्या एस. टी. त बसलीं, तरी ही सूचना केल्याचें आम्हांस समाधान वाटेल.