चटका कुणाला, भाकरी कुणाला?

चाकणजवळच्या वस्तीत आमच्या गटाची बैठक होती. कारखान्यात कंत्राटावर काम करणारी एक मैत्रीण बोलायला उठली. पगार तिच्या खात्यात जमा होतो, पण कार्ड नवऱ्याच्या खिशात. मागितलं की मार. माहेरी सांगितलं, तर थोरल्या भावाने बहिणाबाई चौधरींच्या संसारावरच्या कवितेचा दाखला दिला : हात भाजल्याशिवाय का भाकरी मिळते?

मैत्रिणींनो, मला भावाचा राग आलाच. त्याहून जास्त आपल्या वाचनाचा आला. शाळेत आपणही मार्कांपुरता भावार्थ लिहिला, ‘संसारात सोसावं लागतं.’ कुणी, किती, कशासाठी, हे विचारलंच नाही.

आता रूपक नीट पाहू. तव्यापाशी हात भाजतो तो काम करताना. विस्तव कुणावर डूख धरत नाही. नवरा मारतो तो ठरवून. शिवाय ज्या हाताला चटका, त्याच हाताला भाकरी, हा त्या उपमेतला करार आहे. इथे हात हिचा भाजला आणि भाकरी गेली दुसऱ्याच्या खिशात. मग उपमा लागू होतेच कुठे?

आणखी एक. कवितेतली हाक ‘अगं’ नाही, ‘अरे’ आहे. पुढे ‘येड्या’ही आहे. कुणी म्हणेल, ही मनाला घातलेली हाक. असेल. पण मन काय फक्त सुनेला असतं? नवरदेवाला ही कविता कुणी ऐकवल्याचं मी तरी पाहिलं नाही.

असोद्याची ही लेक (१८८०–१९५१) निरक्षर होती, तिशीत विधवा झाली, शेतात राबली. तिची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर. चिंचवडला महापालिकेने प्राणीसंग्रहालयाला तिचं नाव दिलं. नाव देणं सोपं असतं. श्रमाची किंमत सांगणाऱ्या बाईच्या तोंडी आपण मार खाण्याचा उपदेश घातला, त्याचं काय?

बाईची कमाई हिरावणं हीसुद्धा हिंसा आहे, असं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा म्हणतो. त्या मैत्रिणीने जुनं कार्ड बंद करून नव्यासाठी अर्ज दिलाय. मार अजून थांबलेला नाही. तक्रार नोंदवायला आम्ही तिच्यासोबत जाणार आहोत.

तुमच्या गटातही ही कविता मोठ्याने वाचा. आणि प्रत्येकीला विचारा, भाकरी कुणाच्या हातात आहे?