‘जातो’, ‘जाईन’, ‘जाते’

भोपाळच्या चार इमली भागात मंत्र्यांचे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सरकारी बंगले आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरहून आलेल्या नोकरदारांबरोबर बरीच मराठी कुटुंबेही या शहरात स्थिरावली. या घरांत उंबऱ्याबाहेर हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी चालते. अशा एखाद्या घरात, आजवर ज्याला सगळ्यांनी मुलगा म्हटले ते विशीतले मूल हळूहळू मुलगी म्हणून वावरू लागले, तर रोजच्या जगण्यात नेमके काय घडते?

‘जेंडर एक्स्प्रेशन’ म्हणजे लिंगभावाची अभिव्यक्ती. कपडे, केस, आवाज, उठणे-बसणे यांतून माणूस आपण कोण आहोत हे दाखवतो, ते सगळे यात येते. हा बदल एका दिवसात होत नाही. आधी केस वाढतात, मग कानात बारीक खडा येतो, मग घरातल्या घरात एखादी ओढणी.

जे वैद्यकीय मार्ग निवडतात, त्यांच्या बाबतीत शरीरही सावकाशच बदलते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाने आवाज काही महिन्यांत खालच्या पट्टीत उतरतो. इस्ट्रोजेनने मात्र एकदा फुटलेला आवाज पुन्हा बारीक होत नाही आणि दाढीही जात नाही. आवाजासाठी सराव आणि दाढीसाठी लेझर उपचार लागतात. अनेक जण कोणतेच औषध घेत नाहीत, तरी त्यांची ओळख तितकीच खरी असते.

कपड्यांच्याही आधी प्रश्न येतो तो क्रियापदाचा. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण ‘जातो’ आणि ‘जाते’ला आहे. जेवायला हाक आली की ‘आलो’ म्हणायचे की ‘आले’, हे त्या मुलाला दिवसातून दहादा ठरवावे लागते. मात्र याच भाषेत आडोसेही आहेत. ‘मी जाईन’, ‘मी चहा घेतला’, ‘मला भूक लागली’ या वाक्यांतून बोलणारा स्त्री की पुरुष, हे कळत नाही. हिंदीत भविष्यकाळातही ‘जाऊँगा’ किंवा ‘जाऊँगी’ यांतून निवड करावीच लागते. म्हणून भोपाळच्या मराठी घरातले मूल रस्त्यावर अडते, तिथे स्वयंपाकघरात थोडे मोकळे होते. आईकडे तर ‘लेकरू’ हा नपुंसकलिंगी शब्द आहेच. ‘लेकरू जेवलं का?’ या प्रश्नात मुलगा-मुलगी हा भेदच उरत नाही. भाषेने दिलेली ही मोठी सवलत आहे, असे मला मनापासून वाटते.

पण सण आला की हा आडोसा पुरत नाही. भाऊबिजेला पाटावर कोणी बसायचे आणि निरांजनाचे ताट कोणी हातात घ्यायचे? धाकट्या बहिणीने ‘दादा’ म्हणायचे की ‘ताई’? घरातल्यांचे ओठ इथेच अडखळतात, आणि त्यात दुष्टावा असतोच असे नाही. वीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली असते.

घर तुटले तर काय होते आणि टिकले तर काय, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांना किशोरवयात पुण्यातले घर सोडावे लागले. ठाण्यातल्या तशाच कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांना आईवडिलांनी दूर केले नाही. पुढे ट्रान्सजेंडर हक्कांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात ज्यांनी बाजू मांडली, त्यांत लक्ष्मी होत्या. 15 एप्रिल 2014 च्या त्या निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला.

नंतर 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात, कलम 12 मध्ये, घराचाच विचार झाला. केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही, आणि कुटुंब जिथे राहते तिथे राहण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे. हा हक्क घराच्या मालकीशी नव्हे, कुटुंबाच्या वास्तव्याशी जोडलेला आहे. बदलीबरोबर बंगला बदलणाऱ्या चार इमलीसाठी हा तपशील महत्त्वाचा आहे.

‘उपचाराने मूल पूर्ववत होईल’ ही आशाही निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ट्रान्सजेंडर असण्याची अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. ओळख बदलवू पाहणाऱ्या ‘कन्व्हर्जन थेरपी’ला आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

सरकारी यंत्रणाही शिकते आहे. 1 डिसेंबर 2021 रोजी मध्य प्रदेशच्या गृह विभागाने एका महिला पोलीस शिपायाला लिंगबदलाची परवानगी दिली. 2011 च्या जनगणनेत या राज्यात ‘इतर’ या रकान्यात 29,597 जणांची नोंद झाली. पण हा रकाना बहुधा घरातला दुसराच कोणी सांगतो, त्या दुसऱ्याने जेवढे मान्य केले तेवढेच कागदावर येते.

म्हणून घराकडे माझे मागणे साधे आहे. ‘काय ते एकदाचे नक्की ठरव’ हा आग्रह सोडावा. सावकाशी म्हणजे गोंधळ नव्हे. त्या मुलाला स्वतःची वाट चाचपायला लागणारा तो वेळ आहे, आणि तो घराइतका दुसरे कोणी देऊ शकत नाही. आज ज्या नावाने हाक मारायला सांगितले, त्या नावाने मारावी. नातेवाइकांना समजावण्याचे काम आईवडिलांनी अंगावर घ्यावे, त्या लेकरावर टाकू नये. भाऊबिजेच्या आदल्या संध्याकाळी, कोणी नसताना, पाटाचे विचारून घ्यावे. उत्तर ‘सांगेन’ एवढेच आले, तर पाट भिंतीशी उभा राहू द्यावा.