‘फॉरमॅट मारू का?’ म्हटलं की आधी थांबा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या परभणीच्या दुकानात एकच रडगाणं: “अकरा टाकायला गेलो, पीसीच चालू होईना.”

अकराला यूईएफआय लागतं. जुनी डिस्क असते एमबीआर पार्टिशनची. बायोसमध्ये कुणी लेगसी बदलून यूईएफआय केलं की स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. अहो, डेटा जागेवरच असतो! सेटिंग परत लेगसीवर नेली की बहुतेक वेळा पीसी उठतो. मग आधी बॅकअप, नंतर विंडोजचंच एमबीआर-टू-जीपीटी टूल. ते फॉरमॅट न करता डिस्क बदलून देतं. पण आपण मान डोलावतो आणि टॅलीतली सगळी उधारी साफ.

‘डी ड्राइव्हला कॉपी आहे’ हे तर सांगूच नका. सी आणि डी बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन कप्पे! बॅकअप पेनड्राइव्हला घ्या आणि तो पेनड्राइव्ह गल्ल्यात नाही, घरी ठेवा.