ण, ळ आणि लिपिकाची नोकरी

भंडारा जिल्ह्यात अनेक घरांत पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. इथे बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ण आणि ळ हे उच्चार नाहीत; डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीवर आयुष्यभर काम केले आहे. साकोली-लाखांदूरकडचे डोळस मूलही ‘पानी’च म्हणते, पण पाठ्यपुस्तकात, नळयोजनेच्या टाकीवर, दुकानांच्या पाट्यांवर ‘पाणी’ रोज पाहते. लिहिताना ण आपसूक उमटतो. जन्मांध मुलाच्या कानावर मात्र फक्त न पडतो.

हाच मुलगा तरुणपणी टंकलेखन शिकायला पुनर्वसन केंद्रात येतो, तेव्हा अडचण उघडी पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी १ टक्का जागा राखून ठेवल्या आहेत. लिपिक-टंकलेखकासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो. अटीत सवलत मिळाली, तरी टेबलावरची पत्रे लिहावीच लागतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर म च्या कळीवर शिफ्ट दाबले की ण येतो, ल च्या कळीवर दाबले की ळ. कळीची जागा बोटांना लवकर सापडते. ती कोणत्या शब्दात दाबायची, हे उमगत नाही. मग ‘भाषा कच्ची’ असा शेरा मारून त्याला खुर्च्या विणायला बसवणे हा सरळ अन्याय आहे.

यावर खरा उपाय ब्रेल आहे. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये या दोन्ही अक्षरांना स्वतंत्र चिन्हे आहेत. ळ म्हणजे उजव्या उभ्या ओळीतले चार, पाच, सहा हे तिन्ही ठिपके. शब्द बोटाखालून गेला की त्याची घडण मनात बसते. मोबाइल बोलू लागल्यापासून ‘आता ब्रेल कशाला?’ असे अनुभवी प्रशिक्षकही विचारतात. ऐकून माहिती मिळते, शुद्धलेखन येत नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते वाचनाची ही भूक ओळखूनच.

संगणकाची बाजू तुलनेने सोपी आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि बाणाच्या कळीने एकेक अक्षर वाचून दाखवतो. पण टिपणे युनिकोडमध्ये हवीत. कृतीदेव फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे असतो. प्रशिक्षणार्थीच्या कानी अर्थहीन गोंगाट येतो, आणि ‘याला काही समजत नाही’ असा निष्कर्ष निघतो. स्कॅन केलेल्या शासन निर्णयातून तर तेवढाही आवाज येत नाही.

सर्वांत मोठी चूक पहिल्या मुलाखतीतच होते. घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलणाऱ्या उमेदवाराची कल चाचणी पुस्तकी मराठीत घेतली जाते. तो गप्प राहतो, आणि त्या गप्पपणाचे गुण मांडले जातात. कायद्याने संवादाच्या व्याख्येत ब्रेलबरोबर सोपी भाषा आणि वाचून दाखवणारी व्यक्तीही धरली आहे. त्यामुळे केंद्रात बोली जाणणारा माणूस बसवणे हे कायद्याला धरूनच आहे. तोवर केंद्रप्रमुखांना नोंदणी अर्जात तीन रकाने वाढवता येतील: घरची बोली कोणती, ब्रेल किती येते आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली. तिसरा रकाना चाचणी घेणाऱ्याने भरायचा, खाली सही करून.