वीस गुणांची मेहेरबानी

दहावीला गणितात पस्तीस गुण न मिळविणाऱ्या विद्यार्थ्यावर दया दाखविण्याची एक युक्ती २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात सुचविण्यात आली. गणित वा विज्ञानात वीस गुण पडले तरी त्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र या विषयांवर आधारलेले शिक्षण त्याला घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. नापासाचा कलंक टळेल, कोवळी मने खचणार नाहीत, असे तिचे समर्थन केले जाते. पण हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडणार, हा प्रश्न समर्थक विचारीत नाहीत. क्लासची फी भरण्याची ऐपत असलेल्या कोथरूडच्या घरात तो क्वचितच पोहोचेल.

शिरूर आणि दौंड हे तालुके पाहावेत. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कुरकुंभचे रासायनिक कारखाने, आणि मध्ये भीमा-घोडच्या पाण्यावर पोसलेला ऊस. कारखान्यात यंत्रापाशी उभे राहायचे तर आयटीआय वा तंत्रनिकेतनाची वाट धरावी लागते, आणि त्या वाटेच्या तोंडाशीच गणित बसलेले आहे. शेरा मारलेल्या मुलाला आपल्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कारखान्यात शिरता येईल, पण ते कंत्राटदाराचा हमाल म्हणून.

त्याहून कठोर कहाणी उसाच्या फडातली. बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या दिवाळीच्या सुमारास या भागात पडतात व हंगाम संपेतो हलत नाहीत. दहावीची परीक्षा येते नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडतो. बीजगणिताचे स्वतंत्र पुस्तक त्याच्या हाती पडते ते नववीत. म्हणजे जिथे विषय अवघड होतो तिथे कायदा संपतो, आणि जिथे कायदा संपतो तिथे कोयता सुरू होतो. साखरशाळा होत्या त्याही मुख्यतः लहानग्यांसाठी.

आणि या मुलांना बीजगणिताचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी मुकादमाची वही उघडावी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक लाखाची उचल फेडावयाची तर या दराने सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. मध्ये खाडे, औषधपाणी आणि नवी उसनवारी आली की हिशेब बदलतो. अज्ञात राशी मांडणे आणि सोडविणे यालाच समीकरण म्हणतात. ज्याला ते मांडता येत नाही त्याच्या वतीने मुकादम मांडतो, आणि उत्तरही तोच सांगतो.

परीक्षेची तयारी मात्र या मार्गाने होत नाही. बीजगणिताची चाळीस गुणांची पत्रिका दोन तासांत उरकायची असते. म्हणून वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ करावे, मागील वर्षांचे प्रश्नसंच घोकावे, अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण हातचे धरावे, एवढ्यावरच शिकवणी थांबते. 'अर्थनियोजन' या प्रकरणात जीएसटी आणि शेअर्स आहेत. ते असू द्यावेत. पण उचल आणि वजनकाट्याला तिथे जागा मिळू नये, यातच पुस्तक कोणत्या घरासाठी लिहिले गेले ते कळते. गणिताचा शिक्षक निवडणुकीच्या कामावर, किंवा विनाअनुदानित तुकडीवर अपुऱ्या पगारात राबणारा; त्याला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही.

मग मुलांना नापासच करीत राहावे काय? तसे कोणी म्हणत नाही. नापासाच्या भीतीने शाळा सुटलेल्या मुलींची लग्ने कशी उरकली जातात, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. परंतु सोपी वाट याआधीही काढून झाली आहे. 'सामान्य गणित' हा पर्याय काही वर्षे होता, तो घेणाऱ्यास विज्ञानशाखेचे दार बंद होई. पुढे तो पर्यायच गेला. आता तोच भेद शेऱ्याच्या रूपाने परत येऊ पाहत आहे. रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. शाळा तेव्हा दूर होती. आज ती गावात आहे आणि दार आतून लावलेले आहे.

दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पुढचा गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात: कोणत्या माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक नाही, आणि कोणत्या कारखान्याच्या तळावर नववी-दहावीच्या वयाची किती मुले आहेत. त्या याद्या घेऊन आधी पंचायत समितीवर आणि मग पुण्यातील शिक्षण मंडळाच्या दारात जावे.