सर्व खात्यांचा एक आराखडा हवा



कारखान्याचा विस्तार म्हटला की नवी मिल, नवा बॉयलर, नवी आसवनी डोळ्यांपुढे येते. आता त्यात संगणकाची भर पडली आहे. शेतकी खात्यात एक यंत्रणा, वजनकाट्यावर दुसरी, हिशेब खात्यात तिसरी. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी चांगलीच. पण या सर्वांचा एकमेकांशी सांधा कोठे आहे, हे दाखवणारा कागद किती कारखान्यांत मिळेल? आमच्या मते खरी उणीव त्याच कागदाची आहे.

ऊसनोंदीचेच घ्या. सभासद गट ऑफिसात लागणीची तारीख, जात व क्षेत्र सांगतो. त्या एका नोंदीवर तोडणीचा कार्यक्रम ठरतो, वाहने लागतात, सोसायटीची वसुली होते आणि बिल निघते. जुलैची आडसाली लागण चुकून ऑक्टोबरची पूर्वहंगामी म्हणून लिहिली गेली, तर तोड लांबते, ऊस फडात वाळतो, वजन घटते. चूक एका वहीत, फटका साऱ्या घराला! १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. खाती वह्या जुळवीत बसली, तर ते १४ दिवस कसे संपतात ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट साऱ्या देशाने पाहिली. ऐन हंगामात, ७ डिसेंबर २०२३ रोजी, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठच दिवसांनी, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस व बी-हेवी मळी वापरण्यास मुभा दिली. २९ ऑगस्ट २०२४ रोजी पुढील वर्षासाठी बंधने उठवली. नऊ महिन्यांत वारे तीनदा फिरले. अशा वेळी आसवनीचा रस साखरेकडे वळवला तर पॅन पुरतील का, गोदामात जागा आहे का, बँकेचा हप्ता कसा भागेल, हे त्याच दिवशी कळले पाहिजे. उत्तरे चार खात्यांत विखुरलेली असली की निर्णय अंदाजाने होतो. घाई म्हणजे चपळाई नव्हे.

कोणी म्हणेल, ही मोठ्या कंपन्यांची थेरं आहेत. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये अशा आराखड्याची मांडणी प्रसिद्ध केली, हे खरे. पण १९९२ पर्यंत पूर्ण झालेल्या त्या मांडणीचे मूळ सहा साधे प्रश्न आहेत: काय, कसे, कोठे, कोण, केव्हा आणि का. हे प्रश्न तर आपला मुकादमही फडात रोज विचारतो.

म्हणून आमची सूचना अशी. बॉयलर पेटण्यापूर्वी सर्व खातेप्रमुखांनी एकत्र बसावे. कोणती माहिती कोठे जन्मते, कोणाकडे जाते, चुकली तर कोण दुरुस्त करतो, हे लिहून काढावे. त्यात चिटबॉय आणि काटा क्लार्क यांनाही बोलवावे. खाचाखोचा त्यांनाच ठाऊक. नवी खरेदी या आराखड्यात कोठे बसते, हे दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये. आराखडा दर हंगामाला तपासावा, नाहीतर तोही कपाटातली फाईल होऊन बसेल.

आणि सभासदांनीही सर्वसाधारण सभेत केवळ दर विचारून थांबू नये, हा आराखडाही मागावा. दर ज्या कारभारातून निघतो, तो कारभार समजून घेणे हा मालकाचा हक्क आहे. बैल गेला नि झोपा केला, असे व्हायला नको.