सेवा म्हणता, मग पगार का कापता?

घाटी रुग्णालयात मी आयुष्यभर सिस्टर होते. शेजारची पोर जीएनएमच्या नर्सिंग कोर्सला जाते म्हणाली, तर तिचे मामा म्हणाले, पैशासाठी या कामात येऊ नये. मामा बँकेत आहेत. तिथे सेवाभाव कुणी विचारत नाही! आमच्या कामात जालना-बीडहून आलेल्या बेशुद्ध म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, लाल डाग उमटलाय का बघायचं. पहाटे चारला नुसती माया पुरत नाही. शिक्षण लागतं, हाताशी माणसं लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये पगार सुचवला. माझ्या ओळखीच्या मुली आजही त्याच्या निम्म्यावर रात्रपाळ्या करतात. पोरीला म्हटलं, खुशाल जा. फक्त पगाराचा आकडा विचारताना लाजू नकोस.